मदत हवी आहे: लहान जनरेटरवर बोअरचा पंप उचलत नाही

वादळात खांब आडवे झालेत, वीज इतक्यात येत नाही (दापोली तालुका, 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतरही हेच हाल होते). टाकी तळाला गेलीय.

पंप: 1 एचपी सिंगल फेज सबमर्सिबल, 200 फुटांवर, प्लेटवर 7.5 अँपिअर. पॅनेलमध्ये फक्त 36 एमएफडीचा (मायक्रोफॅरड) रन कपॅसिटर, म्हणजे मोटर चालताना सतत जोडलेला; सुरुवातीला जोर देणारा स्टार्ट कपॅसिटर नाही. जनरेटर: पेट्रोलचा, 2.1 केव्हीए. फ्रिज आणि दिवे आरामात चालतात.

पंप लावला की व्होल्टेज 140 च्या खाली जातं, मोटर नुसती घुमते, मग जनरेटरचा ब्रेकर पडतो. मेन स्विच पाडून ठेवलाय, उलटी वीज लाईनवर जायला नको.

करून पाहिलं: बाकी सगळा लोड काढला, इको मोड (लोड कमी असताना इंजिन हळू करणारा) बंद केला, एक्स्टेन्शनऐवजी 2.5 स्क्वेअर एमएमची वायर थेट पॅनेलला, कपॅसिटर नवा, व्हॉल्व्ह अर्धा बंद. फरक शून्य. सुरुवातीचा करंट चार-पाच पट जातो हे ठाऊक आहे. वीज असताना पंप व्यवस्थित चालायचा, त्यामुळे पंप जाम नसावा.

इथे 5 केव्हीएचा जनरेटर भाड्याने मिळत नाहीये. 120-150 एमएफडीचा स्टार्ट कपॅसिटर रिलेसकट (मोटर फिरू लागली की तो तोडणारा स्विच) बसवला तर याच जनरेटरवर पंप उचलेल, की मोटरचं वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळेल?