पेट्रोलच्या भावात आपलाही हात आहे का?

तिरकस कोन
भाव वाढला की ठरलेलं रडगाणं सुरू होतं: कंपन्या लुटतात, सरकार ओरबाडतं, पंपवाला मापात मारतो. तिघेही संत नाहीत, मान्य. पण या यादीत चौथं नाव कुणी घेत नाही. ते आपलं.

भाव १० टक्के वाढला, तर पहिल्या काही महिन्यांत खप जेमतेम एखाद-दोन टक्के घटतो. बहुतेक अंदाज याच आसपास फिरतात. आता हे गणित उलटं करा. पुरवठ्यात २ टक्क्यांची खोट आली, तर खप तेवढा खाली आणायला भाव किती चढावा लागेल? १० ते २० टक्के! १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेलबंदी केली आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून १२ च्या आसपास गेला. जगातलं तीन-चतुर्थांश तेल काही गायब झालं नव्हतं. लोकांना गाडी सोडवत नव्हती, एवढंच. एप्रिल २०२० मध्ये सगळे घरी बसले, तेव्हा अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदा (पुढे माल घ्यायचा आधीच केलेला सौदा) एक दिवस उणे ३७ डॉलरच्या खाली बंद झाला. तेल ठेवायला जागा नव्हती, पैसे देऊन गळ्यात मारायची वेळ आली.

आपण हटत नाही, म्हणून भाव एवढा उसळतो. माझं म्हणणं एवढंच.

रोजचा प्रवासी
साफ असहमत. खप घटत नाही याचा अर्थ लोक माजलेत असा होत नाही. कामाच्या जवळ घर परवडत नाही म्हणून माणूस लांब राहतो, तिकडे बस जात नाही म्हणून गाडी घेतो, आणि मग भाव वाढला की तुमच्यासारखे म्हणतात, ‘बघा, हा हटत नाही’. हटून जाणार कुठे?

२०१८ च्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यावर आले, ते इंधनावरच्या करवाढीमुळे. त्यात लहान गावांतले, रोज गाडीनेच जावं लागणारे लोक मोठ्या संख्येने होते. डिसेंबरात सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. लोकांनी प्रतिसाद दिलाच की. फक्त तो पंपावर मोजता येत नाही.

आकडेमोड्या
धागाकर्त्यांचं गणित अजून तिखट करतो. खप हलतो पंपावरच्या भावाने, आणि त्यात कच्चं तेल हा एकच वाटेकरी. बाकी शुद्धीकरण, वाहतूक, विक्रेत्याचं कमिशन आणि कर. पंपावर १५ टक्के वाढ दिसायची तर कच्च्या तेलाला त्याहून बरीच मोठी उडी मारावी लागते.

युरोपातल्या बऱ्याच देशांत पंपावरच्या भावाचा निम्मा किंवा जवळपास तेवढा हिस्सा कराचा असतो. अमेरिकेचा संघीय कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवर अडकलेला आहे (राज्यांचे कर वेगळे). म्हणून कच्चं तेल तेवढंच महागलं तरी टक्केवारीत अमेरिकी ग्राहकाला जास्त चटका बसतो. जड कर हा असा विचित्र शॉक-अब्सॉर्बर आहे. गाडी कायम जड चालते, पण खड्डे कमी लागतात.

पंपावरची वर्षं
मी काही वर्षं पंप सांभाळलाय, म्हणून बोलतो. एका पिंपात १५९ लिटर कच्चं तेल, पण त्याचं सगळं पेट्रोल होत नाही. डिझेल, विमानाचं इंधन, डांबर सगळं एकाच घाण्यातून निघतं. त्यामुळे कच्चं तेल मुबलक असूनही रिफायनऱ्या कमी पडल्या की पेट्रोल महाग. २०२२ मध्ये हेही झालं: युक्रेन युद्धाआधीच्या दोन वर्षांत काही रिफायनऱ्या बंद पडल्या होत्या.

आणि गिऱ्हाइकांचं म्हणाल, तर भाव वाढणार अशी कुणकुण लागली की अर्धी टाकी भरलेला माणूसही रांगेत. रोजचा खप तेवढाच, पण जमिनीखालच्या टाकीतला माल गाड्यांच्या टाक्यांत जातो आणि पंप कोरडा पडतो. मग ‘बघा, टंचाई आहेच’ म्हणत मागचे आणखी घाबरतात. आणि ‘अमुक दिवशी कुणी पेट्रोल घेऊ नका’ असा बहिष्कार? आदल्या दिवशी दुप्पट धंदा.

रोजचा प्रवासी
बरं, मग हे सांगा: कच्चं तेल वाढलं की तुमचा भाव लगेच चढतो, उतरलं की आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. का?

पंपावरची वर्षं
खरं आहे. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट बेकन यांनी १९९१ मध्ये ब्रिटनच्या बाजाराबद्दल हेच मांडलं: चढताना रॉकेट, उतरताना पीस. कारणांवर अजून वाद आहे. मला दिसलं ते असं, की चढत्या भावात गिऱ्हाईक चार पंप फिरतं. भाव उतरायला लागला की सुटकेचा श्वास टाकतं आणि पहिल्याच पंपावर थांबतं. मग विक्रेत्याला घाई कशाची?

तिरकस कोन
म्हणजे पुन्हा आपणच!

चार पंप फिरणाऱ्यांसाठीही एक हिशेब. ४० लिटरची टाकी, पंप एक टक्का स्वस्त, तर वाचले ०.४ लिटरचे पैसे. गाडी लिटरला १५ किमी देत असेल, तर जाऊन-येऊन ६ किमीपेक्षा लांबचा स्वस्त पंप महागच पडतो.

आकडेमोड्या
पण ‘लोक हटत नाहीत’ हे अर्धंच खरं. वर्षांच्या हिशेबात हटतात. १९७३ आणि १९७९ च्या दोन धक्क्यांनंतर लहान गाड्या आल्या, अमेरिकेने १९७५ मध्ये गाड्यांच्या मायलेजचा कायदा केला, वीजकेंद्रांनी तेल जाळणं कमी केलं. १९८६ मध्ये भाव कोसळला, त्यात याचाही वाटा होता. मग स्वस्ताई आली आणि गाड्या पुन्हा फुगल्या.

खरी बचत कुठे आहे ते पाहा. १००० किमीसाठी ८ चं मायलेज १० झालं, तर २५ लिटर वाचतात. २० चं २५ झालं तर १०. म्हणजे आधी बदलायला हव्यात त्या सगळ्यात खादाड गाड्या, आणि जाहिराती मात्र २५ वाल्यांच्या.

रोजचा प्रवासी
बदला ना. तुमची ८ वाली जुनी गाडी घेणार कोण? नवी परवडत नाही तो, म्हणजे मीच. तेव्हाही म्हणाल, हा हटत नाही.