जस्ताचा अॅनोड नदीत का चालत नाही
अॅनोड म्हणजे होडीच्या पाण्याखालच्या धातूऐवजी स्वतः झिजून त्याला वाचवणारा धातूचा तुकडा. 'तो वर्षातून एकदा बदलला की झालं' असं म्हणतात, ते समुद्रापुरतं ठीक. होडी गोव्यात मांडवीत किंवा शापोरा नदीत बांधलेली असेल तर गणित वेगळं. पावसाळ्यात तिथलं पाणी गोडं व्हायला लागतं आणि जस्तावर पांढरट, कडक थर धरतो. अॅनोड जाडजूड दिसतो, मालक खूश. प्रत्यक्षात त्याचं काम बंद पडलेलं असतं. पुढे पाणी पुन्हा खारट झालं तरी तो थर आपसूक निघत नाही, आणि झिजायला लागतो तो इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा अॅल्युमिनियमचा भाग. अशा जागी अॅल्युमिनियम मिश्रधातूचाच अॅनोड घ्या, खाऱ्या आणि मचूळ दोन्ही पाण्यांत चालतो. बदलताना सगळे एकदम बदला, एक जस्ताचा नि एक अॅल्युमिनियमचा असं नको. बसायची जागा पॉलिश पेपरने लख्ख घासा, धातूला धातू भिडला पाहिजे. अॅनोडवर रंग अजिबात नको (रंगारी हमखास हात मारतोच). निम्मा झिजला की काढा.

तांबं मिसळलेल्या, तळाला शेवाळ-शिंपले धरू न देणाऱ्या रंगाबद्दल: फायबरच्या तळाला उत्तम, पण इंजिनाच्या पायाला लावू नका. खाऱ्या पाण्यात तांबं अॅल्युमिनियमला खातं, तिथे तांबं नसलेलाच रंग हवा.