अनिनी बीच, काउआई: लाइफगार्ड नाही, मुलांना पाण्यात न्यावं का?

रानजाई: डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को बे एरियातून हवाईच्या काउआई बेटावर जातोय, आम्ही दोघं, नऊ आणि सहा वर्षांची पोरं आणि सासूबाई. घर प्रिन्सव्हिलला घेतलंय, तिथून अनिनी जवळच. फोटोत पाणी अगदी तळ्यासारखं दिसतंय पण लाइफगार्ड नाही म्हणे. नवरा म्हणतो समोर रीफ (प्रवाळाची रांग) आहे, लाटा तिकडेच अडतात, मग कसली भीती. मोठ्याला पोहता येतं, पण पूलमधलंच.

खारावारा: लाटा अडतात, पाणी कुठे अडतंय? रीफची लांबी दोनेक मैल आहे, लाटा फुटल्या की पाणी तिच्यावरून आत येतच राहतं आणि मग ते पश्चिमेच्या टोकाला, म्हणजे तुमच्या प्रिन्सव्हिलच्याच बाजूला, रीफमध्ये जी मोठी फट आहे तिथून बाहेर पडतं. बाहेर समुद्र जेवढा खवळलेला तेवढी ओढ जास्त, वर ओहोटी असेल तर विचारूच नका. आणि त्या फटीत लाटा फुटत नाहीत, पाणी गडद आणि शांत दिसतं, म्हणून लोक नेमके तिकडेच वळतात. स्नॉर्केल (श्वासाची नळी) लावून तोंड पाण्यात घातलं की आपण कुठे वाहत चाललोय पत्ता लागत नाही. त्या टोकाला जाऊच नका. चुकून सापडलात तर उलटं पोहून दमू नका, तरंगत राहा, हात वर करा.

रानजाई: बापरे. मग अनिनी रद्दच?

माडाखाली: रद्द कशाला, सासूबाईंना वाळूत बसायला झकास जागा आहे. पण उत्तर किनाऱ्यावर हिवाळ्यातच मोठ्या लाटा येतात, त्यामुळे त्या दिवशीचा सर्फ रिपोर्ट (लाटांचा अंदाज) बघा, हाय सर्फचा, म्हणजे मोठ्या लाटांचा इशारा असेल तर गुडघाभर पाण्यातही नको. पाणी अगदी उथळ असेल तेव्हा प्रवाळावर पाय खरचटतात, रीफ शूज घ्या, पण म्हणून प्रवाळावर उभं राहायचं नाही, मरतं ते. पाऊस पडून पाणी चहासारखं झालं असेल तर उतरूच नका. पोरांना खरंच डुंबायचं असेल तर पूर्वेला लिडगेट पार्कला न्या, दगडांची भिंत घालून तळी केलीत, लाइफगार्डही असतो. गाडीने लांब पडेल, पण धाकटी तिथून निघणार नाही बघा.

खारावारा: +१ लिडगेटला. आणि सनस्क्रीन इथूनच नेणार असाल तर मिनरलवालं घ्या, ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेलं विकायला हवाईत २०२१ पासून बंदी आहे.

रानजाई: नवऱ्याला धागा वाचायला दिलाय. आता म्हणतो, फटीपासून लांब राहून मी एकटा जाऊन येतो 🙄

माडाखाली: एकटा तर मुळीच नको!