हिप-हॉप : सलग ऐकावेत असे अल्बम सुचवावेत

प्रश्न : कोथरूडचा श्रोता

नमस्कार. माझे ऐकणे आजवर शास्त्रीय संगीत, नाट्यपदे आणि गझल यांतच रमलेले आहे. सवाई गंधर्व महोत्सव मी सहसा चुकवत नाही. माझी मुलगी अभियांत्रिकी शिकते आणि तिच्या खोलीत बहुतेक वेळ हिप-हॉप सुरू असते. जाता-येता ते कानांवर पडत असते. एक लहानशी सुरावट पुन्हा पुन्हा फिरत राहते, तिच्यावर शब्दांची सरबत्ती चालू असते आणि तरीही म्हणणारा समेवर नेमका येऊन पोहोचतो, हे लक्षात आल्यापासून हा प्रकार नीट बसून ऐकावा, असे मला मनापासून वाटू लागले आहे.

मुलगी उत्साहाने एकेक गाणे ऐकवते. परंतु सुट्या गाण्यांवरून कलाकाराचा आवाका माझ्या लक्षात येत नाही. म्हणून येथील जाणकारांना विनंती अशी, की पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकावेत आणि ज्यांच्या मांडणीमागे काही विचार आहे, असे अल्बम सुचवावेत. शब्दांना वजन असावे, ही माझी पहिली अपेक्षा आहे. इंग्रजी वाचायला मला अडचण नाही, मात्र वेगाने म्हटलेले अमेरिकी उच्चार कळत नाहीत. शिवराळ भाषेला माझा तात्त्विक विरोध नाही. पण हे सारे मुलीबरोबर दिवाणखान्यात बसून ऐकायचे असल्याने आधी कल्पना असलेली बरी. मराठीत, किंवा निदान आपल्या पुण्यात, या प्रकारात काही दमदार झाले असेल तर तेही जरूर कळवावे.

उत्तर : तबकडी

आपल्या कानांची घडण पाहता सुरुवात ‘द लो एंड थिअरी’ या अल्बमपासून करावी, असे मी ठामपणे सुचवेन. ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ हा न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातला गट, आणि सप्टेंबर १९९१मध्ये आलेला हा त्यांचा दुसरा अल्बम. पहिल्या ‘एक्सकर्शन्स’ या गाण्याच्या आरंभी केवळ डबल बास या खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्याची एक ओळ ऐकू येते. ती आर्ट ब्लेकी यांच्या जॅझ वादकांच्या जुन्या ध्वनिमुद्रणातून उचललेली आहे. क्यू-टिप हा गटातला रॅपर, म्हणजे लयीत शब्द म्हणणारा, नुसत्या त्या ओळीवर बोलू लागतो, ड्रम अजून आलेले नसतात, आणि तरी लय इतकी पक्की असते की ड्रम येऊन मिळतात तेव्हा ते आधीपासून वाजतच होते असे वाटते. याच गाण्यात तो सांगतो, की हिप-हॉप ऐकून त्याच्या वडिलांना त्यांच्या काळच्या बीबॉप जॅझची आठवण होत असे. आपण आणि आपली मुलगी एकत्र बसून ऐकणार आहात, म्हणून ही जागा मुद्दाम सांगितली.

जी फिरती सुरावट आपल्या कानात राहिली, तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. स्वतंत्र तबलावादनात सारंगी किंवा हार्मोनियम जे लेहऱ्याचे काम करते, तेच काम येथे तो तुकडा करतो. लेहरा बदलत नाही. त्याच्या आधाराने वादक कायदे, रेले, तुकडे मांडतो आणि समेवर येतो. रॅपरही असाच त्या तुकड्याच्या आधाराने ओळी लांबवतो, आखडतो, यमक मात्रेच्या अलीकडे-पलीकडे टाकतो आणि आवर्तनाच्या तोंडाशी हजर होतो. फरक असा, की हा लेहरा सहसा जुन्या ध्वनिमुद्रिकेतून कापून घेतलेला असतो. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क या डीजेने एका इमारतीच्या सभागृहात जी मेजवानी रंगवली, तिला हिप-हॉपचा आरंभ मानतात. गाण्यातला निव्वळ तालवाद्यांचा भाग आला की लोक अधिक जोमाने नाचतात, हे त्याने हेरले होते. मग एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच भाग आळीपाळीने वाजवत लांबवू लागला. पुढे हेच काम यंत्राच्या स्मृतीत तुकडा साठवून होऊ लागले आणि त्याला सॅम्पलिंग म्हणू लागले.

‘द लो एंड थिअरी’मध्ये सारे काही उचललेलेच आहे असे नाही. ‘व्हर्सेस फ्रॉम द ॲब्स्ट्रॅक्ट’ या गाण्यात रॉन कार्टर यांनी प्रत्यक्ष डबल बास वाजवला आहे. १९६०च्या दशकात माइल्स डेव्हिस यांच्या सुप्रसिद्ध पंचकात असलेले हे वादक. शब्द शिवराळ नसावेत या अटीवर त्यांनी होकार दिला, असे सांगतात. एकूणच हा अल्बम भाषेच्या बाबतीत बराच सौम्य आहे.

दुसरा अल्बम म्हणजे नॅसचा ‘इलमॅटिक’, एप्रिल १९९४. अल्बम आला तेव्हा तो २० वर्षांचा होता. आरंभीची झलक धरून दहा तुकडे, सुमारे ४० मिनिटे, आणि त्यात एकही भरतीची ओळ नाही. येथे भाषा कठोर आहे, याची कल्पना असू द्यावी. क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीच्या खिडकीतून दिसणारे जग तो सांगतो. पोलीस, अमली पदार्थ, तुरुंगात गेलेले मित्र. सातवे गाणे ‘वन लव्ह’ तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात आहे: तुला मुलगा झाला, मी त्याला पाहिले, अमुक माणूस तुझ्यामागे असे वागतो आहे, अशी वस्तीची खबरबात तो कळवत जातो आणि शेवटी एका लहान मुलाशी झालेल्या बोलण्यापाशी येतो. मोरोपंतांच्या आर्येतील यमकांची ज्यांना गोडी आहे, त्यांनी दुसरे गाणे हाती छापील शब्द घेऊन ऐकावे. ओळीच्या शेवटीच नव्हे, तर ओळीच्या पोटात यमके साखळीसारखी गुंफलेली दिसतील. तिसऱ्या गाण्याच्या अखेरीस जे कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखे वाद्य वाजते, ते नॅसचे वडील, जॅझ वादक ओलू दारा यांनी वाजवलेले आहे. शब्द थांबतात आणि ते वाद्य एकटेच पुढे जात राहते. मला संपूर्ण अल्बममधली ही सर्वांत हळवी जागा वाटते.

उत्तर : खर्ज

तबकडी यांच्या निवडीशी मी सहमत आहे. एक व्यावहारिक सूचना तेवढी जोडतो. हे अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नयेत. त्या इवल्याशा स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाहीत, आणि ‘द लो एंड थिअरी’तून खर्ज काढून घेतला तर नुसते बोलणे उरते. साधा पण बरा हेडफोन किंवा घरातले स्टिरिओ स्पीकर पुरेसे आहेत. उच्चारांच्या अडचणीवर माझा उपाय असा, की गाण्याचे शब्द आधी शांतपणे वाचावेत, मग समोर ठेवून ऐकावे, आणि नंतर कागद बाजूला ठेवून पुन्हा ऐकावे.

उत्तर : शाहिरीप्रेमी

लॉरिन हिल यांचे नाव अजून कोणी घेतलेले नाही, ते मी घेतो. ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ हा अल्बम १९९८मध्ये आला आणि १९९९च्या ग्रॅमी समारंभात त्याला पाच पुरस्कार मिळाले. त्यांत वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा मानही होता. तो सुरू होतो शाळेच्या वर्गात. शिक्षक हजेरी घेतात, मुले ‘हजर’ म्हणतात, आणि लॉरिन हिल हे नाव पुकारल्यावर उत्तर येत नाही. पुढे गाण्यांच्या अधूनमधून तोच वर्ग प्रेमाविषयी बोलताना ऐकू येतो. यात गाणे आणि रॅप दोन्ही असल्याने आपल्याला तो जवळचा वाटेल, आणि दिवाणखान्यात लावायला फारशी अडचण येणार नाही.

आता मराठीविषयी. मुंबईचा ‘स्वदेशी’ हा गट अवश्य ऐकावा. ते अनेक भाषांत रॅप करतात आणि त्यांच्यातील मवाली हा रॅपर मराठीत लिहितो. आरेच्या जंगलातील आदिवासींच्या लढ्यावर त्यांनी ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले, त्यात आरेतील प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. अमरावतीचा सौरभ हा रॅपरही ऐकण्यासारखा आहे. त्याच्या शब्दांत जातिव्यवस्थेविषयीचा संताप स्वच्छ ऐकू येतो.

या मंडळींना ऐकताना मला सतत आपली शाहिरी आठवते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, वामनदादा कर्डक, विलास घोगरे ही परंपरा आणि हिप-हॉप एकाच कुळातील आहेत, असे माझे मत आहे. चौकात उभे राहायचे, हाती डफ घ्यायचा आणि वस्तीचे दुःख वस्तीच्या बोलीत मांडायचे. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तीच मुळी अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्यामुळे हे नाते केवळ कल्पनेतले नाही.

उत्तर : स्टेशनाजवळचा

शाहिरीप्रेमींच्या भावनेचा आदर राखून थोडा वेगळा विचार मांडतो. पोवाडा आणि रॅप यांना एका ओळीत बसवले की दोन्हींचे वैशिष्ट्य पुसट होते. पोवाड्यात शाहीर दुसऱ्याची कथा सांगतो, मागे झीलकरी ‘जी जी’ करीत त्याला उचलून धरतात आणि श्रोत्यांना प्रसंग डोळ्यांसमोर दिसावा, हा हेतू असतो. रॅपर ‘मी’ म्हणून बोलतो. माझी गल्ली, माझा भूतकाळ, माझा अपमान. साम्य शोधायचेच तर ते पोवाड्यापेक्षा अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छकडीत शोधावे, कारण तेथे मुंबईला आलेला कामगार स्वतःच्या तोंडून स्वतःचा विरह सांगतो आणि त्यातूनच संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नापर्यंत जातो. ही वाट मला रॅपच्या फार जवळची वाटते.

पुण्याविषयी विचारले आहे, तर एमसी स्टॅनला वगळून उत्तर पूर्ण होत नाही. पुणे स्टेशनजवळच्या ताडीवाला रोडवरचा हा मुलगा. ‘बिग बॉस’चे सोळावे पर्व त्याने २०२३मध्ये जिंकले, तेव्हा घराघरांत त्याचे नाव पोहोचले, परंतु ऐकायचा तो त्याआधीचा, २०२०चा ‘तडीपार’. भाषा शिवराळ आहे, तेव्हा तो दिवाणखान्यात लावू नये, असे स्पष्ट सांगतो. मात्र पुण्याच्या वस्त्यांत हिंदी जशी बोलली जाते, मराठी शब्द आणि मराठी हेल घेऊन, तशी ती मी याआधी कोणत्याही ध्वनिमुद्रणात ऐकली नव्हती. आपल्या शहराची ओळख पेठा, नाट्यगृहे आणि महाविद्यालये यांवरच थांबते. रेल्वे रुळांलगतच्या वस्तीलाही आवाज आहे आणि तो याच शहराचा आवाज आहे, हे या अल्बमने ठासून सांगितले. ज्यांनी केवळ त्याचे दागिने आणि केस पाहून मत बनवले आहे, त्यांनी तो एकदा शांतपणे ऐकावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

भारतीय अल्बमांत सलग ऐकण्याच्या निकषावर मी प्रभ दीपच्या ‘क्लास-सिख’ला फार वरचे स्थान देतो. २०१७चा हा पंजाबी अल्बम पश्चिम दिल्लीतील टिळकनगरचे जग मांडतो आणि त्याचे संगीत सेझ ऑन द बीट याचे आहे. त्याच संगीतकाराबरोबर ‘सीधे मौत’ या दिल्लीच्या जोडीने २०१८मध्ये ‘बयान’ आणि २०२२मध्ये ‘नायाब’ केला. गझलेच्या श्रोत्याने यांपैकी ‘नायाब’ आधी घ्यावा.

कोथरूडचा श्रोता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री मुलीबरोबर ‘द लो एंड थिअरी’ पूर्ण ऐकला. लेहऱ्याचा मुद्दा डोक्यात असल्याने हात आपोआप मात्रा मोजू लागला. मुलीला शेवटचे ‘सिनॅरिओ’ अधिक आवडते, आणि त्यात बस्टा राइम्स शिरल्यावर जी धमाल उडते ती मलाही भावली. आता एक पुढचा प्रश्न. ज्यात बोलणे जवळजवळ नाही आणि केवळ ठेके व तुकडे यांचीच रचना आहे, असा एखादा अल्बम आहे का? शब्दांकडे लक्ष न देता निव्वळ बांधणी ऐकण्याची इच्छा आहे.

उत्तर : तबकडी

त्यासाठी जे डिला यांचा ‘डोनट्स’. ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्यांच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, तो प्रसिद्ध झाला आणि तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. ३१ लहान लहान तुकडे आहेत, बरेचसे दीड मिनिटाच्या आतबाहेर. सोल या कृष्णवर्णीय अमेरिकी गायनप्रकारातील जुन्या गाण्यांतला एखादा उद्गार, एखादा अर्धवट शब्द कापून ते असा फिरवतात की त्याचे वाद्य होऊन जाते. त्यांचे ठेके विशेष लक्षपूर्वक ऐकावेत. यंत्रावर ड्रम वाजवायचे असूनही ते घाव मात्रेवर काटेकोर बसवत नसत, किंचित मागे-पुढे ठेवत, त्यामुळे लय डुलत चालते. आपल्यासारख्या तबल्याच्या श्रोत्याला हा लयीचा लहेजा चटकन जाणवेल.

याच वाटेवरचा दुसरा अल्बम म्हणजे मॅडलिबचा २००७चा ‘बीट कंडक्टा इन इंडिया’. हिंदी चित्रपटसंगीताच्या जुन्या तबकड्यांतील तुकड्यांवर तो उभा आहे. जुन्या बाजारात रविवारी ज्या तबकड्या जमिनीवर चादर पसरून मांडलेल्या असतात, तशाच तबकड्या कॅलिफोर्नियातला एक संगीतकार किती बारकाईने ऐकतो, हे त्यातून कळते. मी स्वतः त्यानंतर त्या ढिगाऱ्यांतील पार्श्वसंगीताच्या तबकड्या वेगळ्या लक्षाने पाहू लागलो.

शब्दांकडे परत यावेसे वाटेल तेव्हा केंड्रिक लमारचा २०१५चा ‘टु पिंप अ बटरफ्लाय’ घ्यावा, मात्र ‘इलमॅटिक’ झाल्यानंतर. संगीताचे पुलित्झर पारितोषिक त्याच्या पुढच्या ‘डॅम’ या अल्बमला २०१८मध्ये मिळाले. तरी रचनेच्या दृष्टीने मला हाच श्रेष्ठ वाटतो. कमासी वॉशिंग्टन, थंडरकॅट, रॉबर्ट ग्लास्पर असे जॅझचे वादक यात आहेत. एक कविता गाण्यांच्या अधूनमधून येते, दर वेळी काही ओळींनी वाढते, आणि शेवटच्या गाण्यात ती पूर्ण म्हटली जाते, तेव्हा ती कोणाला ऐकवली जात होती ते कळते. ते येथे सांगत नाही. सुमारे ७९ मिनिटांचा अल्बम आहे आणि भाषा कडक आहे, तेव्हा सुट्टीच्या दिवशी सवड काढून ऐकावा. मुलीने तो आधीच ऐकलेला असण्याची दाट शक्यता आहे. त्या कवितेचे शब्द तिच्याकडून आधी लिहून घेतलेत तर फार सोयीचे होईल.