पहिली दहा मिनिटं गढूळ पाणी: दोष लाइनीत की टाकीत?

सचिव_इंदिरानगर
24 फ्लॅटची सोसायटी. जमिनीखाली 20,000 लिटरची टाकी, गच्चीवर दोन टाक्या. पावसाळा लागल्यापासून सकाळी नळाला पाणी आलं की पहिली दहा मिनिटं गढूळ, थोडा वास, मग स्वच्छ. टीडीएस मीटर 140 दाखवतो, म्हणजे पाणी चांगलं धरायचं का? काही सभासदांचं म्हणणं, घरोघरी आरओ बसवा आणि विषय संपवा. टाकी धुवायची तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती घालायची?

पाइपवाला_पंचवटी
टीडीएस मीटर विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही. थोडं गटाराचं पाणी मिसळलं तरी आकडा जेमतेम हलतो, त्यामुळे 140 वर निश्चिंत राहू नका.

नाशिकला पाणी देणाऱ्या गंगापूर धरणातलं पाणीच गढूळ असतं तर ते दिवसभर आणि सगळ्या गल्लीत तसं आलं असतं. फक्त सुरुवातीला गढूळ म्हणजे बहुधा लाइनीला गळती. पुरवठा थांबला की पाइप रिकामा होतो आणि सैल जॉइंटमधून बाजूच्या खड्ड्यातलं पाणी आत ओढलं जातं. दाब आला की तेच आधी बाहेर पडतं. दुरुस्तीसाठी शटडाउन घेतल्यावर दुसऱ्या दिवशी हे जास्त जाणवतं.

आधी शेजारच्या बिल्डिंगमध्ये त्याच वेळी बादली भरून बघा. त्यांचं स्वच्छ असेल तर दोष फेरूलपासून (मुख्य लाइनीवर तुमची जोडणी जिथे निघते तिथून) तुमच्या मीटरपर्यंतच्या तुकड्यात. गंजलेला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप गटार ओलांडून गेलाय का, ते आधी पाहा. आणि कोणी थेट लाइनीला मोटर लावत असेल तर ती आजच काढा. मोटर पाण्याबरोबर गळतीतली घाणही खेचते, आणि त्रास शेजाऱ्यांनाही होतो. दोन्हीकडे गढूळ असेल तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयात तक्रार द्या, वेळ आणि ठिकाण लिहून.

क्लोरीन_तपासनीस
अंदाज कशाला, ओटी किट (पाण्यातला क्लोरीन रंगावरून मोजायचा संच) आणा. पाणी चालू असताना तीन ठिकाणी तपासा: टाकीत पडणारी धार, खालची टाकी, चौथ्या मजल्यावरचा स्वयंपाकघरातला नळ. थेंब टाकले की पिवळा रंग लगेच किटमधल्या रंगांच्या ताटलीशी जुळवून वाचा. पाच मिनिटांनी वाचलं तर संयुक्त (दुसऱ्या पदार्थांशी जोडला गेलेल्या) क्लोरीनचाही रंग चढतो आणि आकडा फसवा येतो.

नळाला मोकळा क्लोरीन किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर हवा (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500). धारेत आहे आणि टाकीत शून्य, तर टाकी घाण आहे किंवा पाणी फार काळ साठून राहतंय. धारेतच शून्य आणि शिवाय वास, तर ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. गढूळपणा जात नसेल तर आधी फडक्यातून गाळा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

खात्रीसाठी एच2एसची (जंतू तपासायची) बाटली खुणेपर्यंत भरून 24 ते 48 तास ठेवा. काळी पडली तर विष्ठेचं प्रदूषण असल्याचा संशय घ्या आणि प्रयोगशाळेत नमुना द्या. नमुना त्यांच्याच निर्जंतुक बाटलीत घ्या. तिच्यातली पावडर धुऊन टाकू नका, ती क्लोरीन मारायला असते.

टाकी_सफाई
टाकी पूर्ण रिकामी करून गाळ काढा, भिंती ब्रशने घासा. खालच्या टाकीत माणूस उतरवण्याआधी झाकण तासभर उघडं ठेवा, आणि वर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय कोणालाही उतरवू नका.

33 टक्के क्लोरीनची टीसीएल असेल तर 1000 लिटरला 150 ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला 3 किलो. सरळ ओतू नका. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी घाला. उघडी पडलेली जुनी पिशवी वापरली तर ताकद अर्धीही राहिलेली नसते. टाकी पूर्ण भरून वर चढवा, प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, मग रात्रभर बंद ठेवा. दुसऱ्या दिवशी सगळं सोडून द्या आणि स्वच्छ पाण्याने एकदा धुऊन काढा. टीसीएलबरोबर टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड चुकूनही नको, विषारी वायू सुटतो.

झाकण पार्किंगच्या फरशीच्या बरोबरीला असेल तर पावसाचं पाणी आत जाणारच. भोवती वीतभर कठडा बांधा, ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी लावा.

सचिव_इंदिरानगर
झाकण फरशीच्याच पातळीला आहे. उन्हाळ्यात बोअरचं पाणीही त्याच टाकीत सोडतो. मग आरओ?

क्लोरीन_तपासनीस
140 टीडीएसला आरओ म्हणजे पाणी वाया घालवणं. अशा पाण्याला यूव्ही-यूएफ (अतिनील किरण आणि बारीक गाळणी) पुरतं, पण गढूळ पाण्यात यूव्ही नीट काम करत नाही, म्हणून लाइनीची दुरुस्ती आधीच हवी. आरओने क्लोरीनही निघून जातो, त्यामुळे त्याच्या टाकीत पाणी दोन-दोन दिवस ठेवू नका. बोअरचं पाणी मात्र वेगळं तपासा: कठीणपणा 200 आणि नायट्रेट 45 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत आहे का. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर वाढतं. जास्त निघालं तर बोअरची लाइन वेगळी काढून फक्त फ्लशला द्या.