स्थळाची चौकशी आणि गीबत (पाठीमागे दोष सांगणं): "जमणार नाही" एवढंच सांगावं का?

धागाकर्ता
स्थळ आलं की मुलीकडचे मुलाच्या शेजाऱ्यांना फोन करतात. मुलगा पैसे बुडवतो हे ठाऊक असूनही "अल्लाह बेहतर जाणतो" म्हणून फोन ठेवणारे खूप आहेत. त्यांना गीबतची भीती वाटते. कुरआनमधल्या सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीत गीबत म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं, असं म्हटलंय, त्यामुळे भीती रास्तच आहे. पण मध्ययुगातले इस्लामी विद्वान इमाम नववी यांनी गीबतला जे सहा अपवाद दिलेत, त्यात लग्नाचा सल्ला येतो. पैगंबरांच्या काळातल्या फातिमा बिन्ते कैस यांनी स्वतःला आलेल्या लग्नाच्या दोन मागण्यांबद्दल विचारलं तेव्हा पैगंबर (स.) यांनी सरळ सांगितलं: अबू जहम खांद्यावरची काठी खाली ठेवत नाही, मुआवियाकडे पैसा नाही, तू उसामाशी लग्न कर. तेव्हा विचारल्यावर गप्प बसणं ही अमानतीत खयानतच, म्हणजे विश्वासघातच आहे.

किनारा
भाई, अर्धंच सांगितलंत. "हे स्थळ तुमच्यासाठी ठीक नाही" एवढ्याने काम होत असेल तर ऐब (दोष) उघडू नयेत, हेही नववींनीच लिहिलंय. तेवढ्याने समोरचा थांबत नसेल, तरच पुढे बोलायचं. आपल्याकडे पहिल्याच मिनिटाला मुलाच्या आईची भांडणंही निघतात. फातिमांना मिळालेली माहिती मारहाण आणि खर्चापाण्याची होती, म्हणजे थेट संसाराची.

जुनी_मोहल्ला
नुसतं "ठीक नाही" म्हटलं की घरात तर्क सुरू होतात: दारू पितो की बाहेर काही आहे? हुजुरातच्या त्याच आयतीत गुमानही (वाईट संशय) मना आहे, ते कुणी पेरलं? त्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगा. "भिशीची रक्कम उचलली आणि पुढचे हप्ते भरले नाहीत" ही माहिती झाली. "लबाड आहे" हा शिक्का झाला.

विचारणाऱ्यांचंही चुकतं. "मुलगा कसा आहे?" असं विचारलं की गप्पाच निघणार. हात उगारतो का, कर्ज आहे का, नोकरी टिकते का, असं नेमकं विचारा.

किनारा
भिशीचं मान्य. पण चारित्र्याबद्दल तोंड उघडूच नये. सूरह नूरच्या ४थ्या आयतीप्रमाणे पाकदामन (शीलवान) स्त्रीवर आळ घेऊन चार साक्षीदार आणता आले नाहीत तर ८० फटके, आणि पुढे त्याची साक्षही कायमची बाद. फुकहांनी (इस्लामी कायद्याच्या जाणकारांनी) हाच हुकूम पुरुषावरच्या आळालाही लावलाय. ऐकीव गोष्टीला तर थाराच नको: ऐकलेलं सगळं सांगत सुटणं हे माणूस खोटा ठरायला पुरेसं आहे, ही हदीस (पैगंबरांचं वचन) सहीह मुस्लिम या हदीससंग्रहाच्या मुकद्दम्यातच (प्रस्तावनेतच) आहे.

धागाकर्ता
आणि आधीची मोडलेली मंगनी (साखरपुडा)?

जुनी_मोहल्ला
मारहाणीमुळे किंवा पैशांच्या मागणीमुळे मोडली हे स्वतःला पक्कं माहीत असेल तर सांगावी. तेही फोनवर, विचारणाऱ्यालाच. व्हॉइस नोट नको, ती चार ग्रुपमध्ये फिरते.

किनारा
माझ्या मते तीही सांगू नये. विचारणाऱ्याला त्या दुसऱ्या घराकडे पाठवावं. मोडण्याचं कारण त्यांना माहीत असतं, सांगायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.