अँटीव्हायरस आपोआप रिन्यू झाला, पैसे परत मिळतील का?

प्रश्न: वडिलांच्या लॅपटॉपवर एक परदेशी अँटीव्हायरस होता, वर्षभरापासून वापरात नाही. परवा क्रेडिट कार्डावरून २,४९९ रुपये गेले. ॲप तेव्हाच अनइन्स्टॉल केलं होतं. कार्ड ब्लॉक करू का?

उत्तर १: कार्ड ब्लॉक करू नका, गेलेले पैसे त्याने परत येत नाहीत. अनइन्स्टॉल केल्याने सबस्क्रिप्शनही बंद होत नाही, ते खात्याला जोडलेलं असतं. कंपनीच्या साइटवर ज्या ईमेलने खरेदी झाली त्यानेच लॉगिन करा, ऑटो-रिन्यूअल बंद करा आणि तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा. मग चॅटवर किंवा ईमेलने रिफंड मागा. ऑर्डर नंबर, रकमेची तारीख आणि ‘रिन्यूअलनंतर वापर नाही’ एवढं पुरे. रिफंडची मुदत कंपनीगणिक वेगळी आणि ती पैसे कटल्याच्या दिवसापासून मोजतात, म्हणून आजच मागा. केस नंबर घेतल्याशिवाय चॅट बंद करू नका.

गूगल प्लेवरून घेतलं असेल तर ४८ तासांच्या आत तिथेच रिफंड मागता येतो, नंतर बहुतेक वेळा डेव्हलपरकडे जावं लागतं.

उत्तर २: आधी बँकेचे जुने एसएमएस चाळा. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट (कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) नियमांनुसार पैसे कटण्याच्या किमान २४ तास आधी कार्ड देणाऱ्या बँकेने सूचना द्यायची असते आणि त्यात नकार देण्याची सोय हवी. १५,००० रुपयांपर्यंत ओटीपी लागत नाही, म्हणून ही रक्कम गुपचूप गेली. सूचना आलीच नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

बँकेचा डिस्प्यूट फॉर्म (व्यवहारावर हरकत घेण्याचा) भरताना मात्र ‘अनधिकृत व्यवहार’ निवडू नका. मँडेट तुमच्याच घरून दिलेला असतो, बँक तो पुरावा दाखवून दावा फेटाळते, शिवाय कार्ड बदलायला लावते. पैसे कटण्याआधी रद्द केल्याचा पुरावा असेल तरच हा मार्ग भक्कम. तुमचं रद्द करणं नंतरचं, तेव्हा कंपनीच्या रिफंड धोरणावरच जोर द्या. बँकेच्या ॲपमधून मँडेटही काढून टाका.

उत्तर ३: कळकळीने सांगते, कस्टमर केअरचा नंबर सर्च करून फोन लावू नका. रिफंडच्या नावाखाली स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला लावणाऱ्या टोळ्या नेमक्या तिथेच बसलेल्या असतात. पैसे परत घ्यायला ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा.

कंपनी टाळाटाळ करू लागली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. रद्द करण्याचं बटण मुद्दाम लपवलं असेल तर तसं तक्रारीत लिहा. २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवणारी ॲप-साइटची रचना) मार्गदर्शक सूचनांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ला, म्हणजे रद्द करणं मुद्दाम अवघड करण्याला, मनाई आहे.

आणि रिफंडच्या भरवशावर बिल थकवू नका. तो पुढच्या स्टेटमेंटमध्ये आला तर अपुऱ्या भरण्यावर व्याज लागतं.